साप साप म्हणून भुई धोपटताना: अजगर मालकिणीचं माप घेतो का?

कराडच्या मावशीचा फॉरवर्ड आला. वर तीन लाल दिवे, खाली जोडलेले हात आणि मध्ये ती जगप्रसिद्ध गोष्ट. तुम्हालाही आली असेल, नसेल तर येईल.

गोष्ट अशी. एका बाईनं सात फुटी अजगर पाळला होता. रात्री ती त्याला शेजारी घेऊन झोपायची. एकाएकी अजगरानं खाणं सोडलं. आठवडे गेले, तो काही खाईना. बाई घाबरून प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं विचारलं, "रात्री हा तुमच्याजवळ झोपतो का? अंग सरळ ताणून?" बाई म्हणाली, "हो, हल्ली रोज तसाच झोपतो." डॉक्टर गंभीर झाला. "बाई, हा आजारी नाही. हा रोज तुमचं माप घेतोय, आणि तुम्ही पोटात मावाव्यात म्हणून उपाशी राहतोय." त्याखाली तात्पर्य: आपल्या आजूबाजूचे साप ओळखा, गळ्यात पडणारा प्रत्येकजण आपला नसतो.

मराठी आवृत्तीला कुणीतरी एक शेपूट जोडलंय. "यामागे विज्ञान आहे. साप जवळजवळ आंधळा आणि पूर्ण बहिरा असतो. डोळ्यानं अंदाज येत नाही म्हणून तो अंगानं मोजतो."

मला हे पाठवण्याचं कारण म्हणजे चकली. आम्ही लीड्सला राहतो आणि माझ्या लेकीनं गेली चार वर्षं एक अजगर पाळलाय. रॉयल पायथन. अमेरिकेत यालाच बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. आमची मादी आहे, साडेतीन फुटांची, वेटोळं घालून बसली की हुबेहूब ताटातली चकली, म्हणून नाव तेच. फॉरवर्डपाठोपाठ मावशीचा फोनही आला. "अगं, पोरीला वाचून दाखव. आणि त्या धुडाला रात्री कुलूप लाव."

कुलूप आहेच, मावशी. पण ते चकलीनं लेकीला खाऊ नये म्हणून नाही, चकलीनं रेडिएटरमागे जाऊन बसू नये म्हणून आहे. बाकीच्या गोष्टीचं काय ते सविस्तर लिहून पाठवते म्हटलं होतं, ते हे.

आधी एक साधी शंका. या गोष्टीत बाईचं नाव नाही, गाव नाही, डॉक्टरचं नाव नाही, साल नाही. अजगराची जातसुद्धा नाही, आणि जगात अजगरांच्या कितीतरी जाती आहेत. साडेतीन फुटी रॉयल आणि वीस फुटी जाळीदार अजगर यांना एकाच मापानं मोजणं म्हणजे मांजर आणि वाघ एकच. इतकी भयंकर गोष्ट खरंच घडली असती तर निदान एखाद्या पशुवैद्यानं सही करून कुठेतरी नोंदवली असती. तशी नोंद नाही.

"पोटात जागा करायला उपाशी राहिला"

अजगर पाळणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली तक्रार हीच येईल: खात नाही हो! चकली दर हिवाळ्यात आमचा जीव टांगणीला लावते. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात तिनं उंदराकडे पाठ फिरवली ती थेट मार्चपर्यंत. लेक रडकुंडीला आली. वजन केलं, तर फारसा फरकच नाही. रॉयल पायथन महिनोन्महिने न खाता राहू शकतात आणि राहतात. थंडी, विणीचा हंगाम, जागा बदलली, पेटीत ऊब कमी पडली, लपायला खोबण नाही, कात टाकायची वेळ आली, यातलं कुठलंही कारण पुरतं. मादी अंडी घातल्यावर त्यांना वेढा घालून सुमारे दोन महिने बसते, तेव्हाही बहुधा उपाशीच. आपल्याकडे एकादशीला दुपारीच डोकं धरतं, म्हणून आपल्याला उपासामागे हेतू दिसतो. सापाच्या अंगाला ऊब बाहेरून मिळते, ती स्वतः निर्माण करायला इंधन जाळावं लागत नाही, त्यामुळे त्याचा रोजचा खर्चच नगण्य.

पण यातली खरी गंमत पोटाच्या आत आहे. 'पोट रिकामं करून जागा करणं' ही आपल्या लग्नाच्या पंगतीची युक्ती आहे. सकाळपासून काही खायचं नाही, म्हणजे संध्याकाळी जिलबी जास्त जाते. अजगराचं पोट नेमकं उलट चालतं. अमेरिकेत स्टीफन सीकोर आणि जेरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात बर्मीज अजगरांवर केलेलं काम यासाठी प्रसिद्ध आहे. उपासाच्या काळात अजगर आपलं पचनाचं सगळं दुकान बंद करतो. आतडं आक्रसतं, जठरात आम्ल तयार होणं थांबतं. मोठं भक्ष्य गिळल्यावर मात्र एक-दोन दिवसांत आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं, जठर आम्लानं भरतं आणि ऑक्सिजनचा वापर विश्रांतीच्या तुलनेत चाळीस पटींच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे तयारी गिळण्याआधी नाही, गिळल्यानंतर होते. महिनाभर उपाशी अजगर मेजवानीसाठी सज्ज नसतो, त्याची भट्टी विझलेली असते.

शिवाय अजगर हा टपून बसणारा शिकारी. पायवाटेच्या कडेला पडून राहायचं, जे समोर येईल ते मिळालं तर मिळालं. पुढच्या महिन्यात काय मिळणार हे त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे पुढच्या महिन्यासाठी जागा राखून ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

"शेजारी ताणून पडला, म्हणजे लांबी मोजत होता"

समजा, क्षणभर मान्य करू की त्याला मोजायचंच आहे. मग तो लांबी कशाला मोजेल? सापाला भक्ष्याची लांबी अडत नाही. तो डोक्याकडून गिळायला सुरुवात करतो, हातपाय आपोआप मागे अंगाला चिकटतात आणि जे आत जातं ते पोटात दुमडूनही बसतं. अडते ती जाडी. त्याच्या खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे हनुवटीला जुळलेली नसतात, मधे ताणला जाणारा लवचीक पट्टा असतो आणि त्यावर सैल कातडी. (जबडा 'निखळतो' असं सर्रास सांगतात, तेही खरं नाही. तो निखळत नाही, मुळातच सैल जोडलेला असतो.) या तोंडाला जिथवर ताण सोसतो तिथवर घास जातो. माणसाच्या बाबतीत अडचण येते ती खांद्यांची. उभ्या माणसाची उंची साडेपाच फूट की सहा, यानं अजगराचं काहीच बिघडत नाही. मापच घ्यायचं असतं तर त्यानं बाईच्या खांद्यांना टेप लावली असती. शिंप्याला हे चटकन कळेल.

दुसरं म्हणजे सरळ ताणलेला साप ही हल्ल्याची मुद्राच नाही. झडप घालायची असेल तेव्हा मान आणि पुढचं अंग नागमोडी आवळून घेतो, स्प्रिंगसारखं. सरळ अंगात ती झेप उरतच नाही. ताणून पडलेला साप एक तर कुठेतरी निघालाय, नाहीतर त्याला अंग शेकायचंय. झोपलेली बाई म्हणजे त्याच्या लेखी सदतीस अंशांवर ठेवलेली पाच फुटी शेगडी. थंडीत रात्री पांघरुणात अशी शेगडी मिळाली तर तो तिच्या कडेनं पडेल नाही तर काय करेल? आमच्या घरात चकलीच्या पेटीखाली गरम होणारी चटई आहे आणि तिला थर्मोस्टॅट. चटईची एक बाजू गेल्या वर्षी बिघडली होती, तेव्हा ती चालू बाजूच्या कडेकडेनं अशीच लांबट होऊन पडली होती. ती चटईला खाणार होती असं आम्हाला वाटलं नाही.

उलट प्रश्न विचारायला हवा: सापाला स्वतःची लांबी 'माहीत' असते का? दोन वस्तू शेजारी ठेवून तुलना करायची तर आधी 'हा मी आणि ही ती' एवढं तरी हवं. आरशासमोर बसवून प्राण्याला स्वतःची ओळख पटते का हे पाहण्याची जुनी कसोटी सापाला लागू पडत नाही, कारण त्याचं जग वासाचं. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या संशोधकांनी तीच कसोटी वासाची केली. सापाच्याच अंगाचा वास घ्यायचा, त्यात थोडं ऑलिव्ह तेल मिसळायचं आणि पुढे धरायचं. २०२४ मध्ये आलेल्या या अभ्यासात गार्टर जातीचे साप आपल्याच 'बिघडलेल्या' वासापाशी जास्त वेळ जीभ लवलवत राहिले, जणू 'हा मीच, पण असा का?' आणि याच कसोटीत रॉयल पायथनांनी तसा काही फरक दाखवला नाही. एवढ्यावरून अजगर मठ्ठ असतो असं मी म्हणणार नाही, चकली ऐकत्येय. पण रोज रात्री दोन देहांची तुलना करणारा हिशेबी कारकून त्याच्यात बसवणं जरा जास्तच होतं.

"साप आंधळा आणि बहिरा, म्हणून अंगानं मोजतो"

हे शेपूट मला गोष्टीपेक्षा जास्त खटकलं, कारण त्याला विज्ञानाचं लेबल लावलंय. आणि नेमकं इथेच सांगण्यासारखं खूप आहे.

डोळ्यांपासून सुरुवात करू. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, घड्याळाच्या काचेसारखा, आणि कात टाकताना तोही बाकी कातेबरोबर निघतो. चकलीची कात सापडली की लेक आधी डोक्याकडचा भाग उजेडात धरते, दोन्ही 'काचा' आल्या का ते बघायला. एखादी मागे राहिली तर त्रास होतो. कात टाकायच्या आधी काही दिवस जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव साचतो आणि डोळे दुधाळ निळसर होतात. तेव्हा तिला खरंच धूसर दिसतं, ती चिडचिडी होते आणि खात नाही. बाईच्या उपाशी अजगराचं एक उत्तर इथेही असू शकेल.

एरवी तो आंधळा मुळीच नसतो. १९९९ मध्ये रॉयल पायथनच्या डोळ्याचा बारकाईनं अभ्यास झाला. त्यात मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींचा भरणा मोठा निघाला, जे रात्री हिंडणाऱ्या प्राण्याला शोभतंच. पण त्याबरोबर उजेडातल्या दोन प्रकारच्या पेशीही निघाल्या, एक हिरवट-पिवळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी आणि दुसरी अतिनील किरणांना. म्हणजे आपल्याला जो प्रकाश दिसतच नाही तो चकलीला थोडाबहुत दिसतो. बारीक तपशील तिला आपल्यासारखे टिपता येत नाहीत आणि स्थिर वस्तूत तिला रस नाही, हे खरं. आपण बुबुळामागचं भिंग फुगवून-चपटं करून नजर जुळवतो, साप भिंगच पुढेमागे सरकवतो, कॅमेऱ्यासारखं. पण हलणारी सावली ती खोलीच्या दुसऱ्या टोकापासून टिपते. तिच्यासमोर मान खाली घालून मी वाचत बसले तर मी बहुधा फर्निचर. मी उठले की मात्र तिचं डोकं उठतं.

आता ऊब. अजगराच्या ओठांवरच्या खवल्यांत खाचा असतात. वरून बघाल तर कुणी बोथट पेन्सिलीनं टोचून ठेवल्यासारख्या. सह्याद्रीत आणि गोव्यात ज्याला चापडा म्हणतात त्या हिरव्या विषारी सापाला अशी एकेकच खाच असते, डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध, आणि ती अजगरापेक्षा अधिक तीक्ष्ण. नागाला नाही, घोणसाला नाही, फुरशालाही नाही. आपल्या जंगलातल्या भारतीय अजगराला मात्र ओठांवर त्या आहेत. या खाचांच्या तळाशी मज्जातंतूंनी भरलेला पातळ पडदा असतो. उबदार प्राण्याच्या अंगातून निघणारी अवरक्त किरणं त्यावर पडली की पडदा किंचित तापतो, आणि तेवढं त्याला पुरतं. हे काम करणारं प्रथिन कोणतं, ते डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये शोधलं. ते टीआरपीए१. गंमत म्हणजे आपल्या अंगातही ते आहे, पण आपल्याकडे ते मोहरी आणि वसाबीचा नाकात जाणारा झणका जाणवून देतं. म्हणजे आपल्याला जिथे फोडणीचा ठसका लागतो तिथे अजगराला उंदीर दिसतो. (ज्युलियस यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं, ते मिरचीच्या तिखटावरून लागलेल्या शोधासाठी. भारतीय स्वयंपाकघराला त्यात थोडा वाटा मागायला हरकत नाही.)

ही माहिती डोळ्यांपासून वेगळी पडून राहत नाही. चापड्यासारख्याच खाचा असलेल्या अमेरिकेतल्या रॅटलस्नेक या विषारी सापाच्या मेंदूत डोळ्यांकडून आणि खाचांकडून येणारे संदेश एकाच ठिकाणी एकत्र होतात हे १९८१ साली एरिक न्यूमन आणि पीटर हार्टलाइन यांनी दाखवलं. काही पेशी तर फक्त दोन्ही संदेश एकत्र आले तरच जाग्या होतात. दिसतंही आहे आणि उबदारही आहे, मग ते खाद्य. एका जन्मांध रॅटलस्नेकनं उंदरावर अचूक झडप घातल्याचीही नोंद आहे.

आमच्या घरात याचा पुरावा म्हणजे हेअर ड्रायर. इथे गोठवलेले उंदीर मिळतात, आईस्क्रीमच्या शेजारी ठेवू नका असं मी निक्षून सांगितलंय. लेक तो उंदीर कोमट पाण्यात पिशवीत घालून वितळवते आणि देण्याआधी ड्रायरनं डोकं गरम करते. थंड उंदीर चिमट्यानं नाकापुढे धरला तर चकली ढिम्म. तोच गरम करून धरला की डोळ्याचं पातं लवायच्या आत विळख्यात. एकदा मी त्या पेटीजवळ चहाचा कप घेऊन उभी होते, तर तिचं डोकं हळूहळू कपामागून फिरत होतं. मी नाही, कप.

जिभेबद्दल फार बोलत नाही, कारण हा भाग बहुतेकांनी शाळेत वाचलाय. दुभंगलेली जीभ हवेतले आणि जमिनीवरचे कण गोळा करते, आणि टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसनच्या अवयवापर्यंत पोचवते. दोन टोकं का, याचं पटणारं उत्तर कर्ट श्वेंक यांनी १९९४ मध्ये दिलं: डाव्या टोकावर वास जास्त की उजव्या, यावरून माग कुठे वळला ते कळतं. आपण दोन कानांनी आवाजाची दिशा ओळखतो, तसं. फॉरवर्डमधल्या अजगराला बाईबद्दल काही जाणून घ्यायचंच असतं तर रात्रभर ताणून पडायची गरज नव्हती. दोन-चारदा जीभ लवलवली की पुरे.

राहिला बहिरेपणा. पुंगीच्या सुरावर नाग डुलतो हे खोटं, तो पुंगीच्या हालचालीबरोबर डुलतो, हे आपण सगळे शिकलो आणि त्यातून 'साप ठार बहिरा' असा धडा घेतला. तो धडा अर्धवट होता. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही, पण आतला कान शाबूत आहे आणि त्याला जोडणारं बारीक हाड जबड्याकडे जातं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये नेमकं रॉयल पायथनवरच हे तपासलं. हवेतल्या आवाजानं सापाची कवटी थरथरते आणि तो थरथराट त्याला ऐकू येतो. सर्वात चांगलं ८० ते १६० हर्ट्झच्या आसपास. तो पट्टा म्हणजे बापयमाणसाच्या खर्जातल्या बोलण्याचा. पण आवाज चांगलाच मोठा लागतो, साध्या गप्पा त्याच्या वाट्याला फारशा येत नसाव्यात. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात १९ सापांवर प्रयोग झाला. खोलीत आवाज सोडला की तायपानसारखे विषारी साप त्यापासून दूर सरकत, आणि वोमा नावाचा अजगर मात्र आवाजाकडे जाई. बहिऱ्याला दूर जायचं की जवळ यायचं हा प्रश्न पडला नसता.

जमिनीतून येणाऱ्या कंपाला तर तोड नाही. चकलीची पेटी आधी स्वयंपाकघराच्या ओट्यालगत होती. मी मिक्सरवर दाण्याचं कूट केलं की ती दिवसभर बाहेर यायची नाही. पेटी हलवली, तक्रार मिटली.

म्हणजे हा प्राणी आंधळा, बहिरा, चाचपडणारा नाही. ऊब, वास, कंप आणि हालचाल अशा चार बाजूंनी तो तुम्हाला टिपतोय. फक्त या चारांत 'साडेपाच फूट लांब, नाव अमुक' असं काही कुठे उमटत नाही.

खरं माप

गोष्टीतला एकच शब्द वाचवण्यासारखा आहे, आणि तो म्हणजे 'अंगानं'. अजगरासारखे आवळून मारणारे साप अंगानं एक गोष्ट खरोखर मोजतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजच्या स्कॉट बोबॅक यांनी बोआ सापांना मेलेले उंदीर दिले. त्यातल्या काहींच्या छातीत त्यांनी पाण्याच्या दाबावर ठोके देणारं नकली हृदय बसवलं होतं. ज्यांचं 'हृदय' चालू होतं त्यांना सापांनी जास्त वेळ आणि जास्त जोरात आवळलं. मधेच ते बंद केलं, तर विळखा लवकर सैल झाला. ज्यांनी जन्मात कधी जिवंत भक्ष्य धरलं नव्हतं अशा सापांनीही तेच केलं. म्हणजे विळख्याच्या आत साप नाडी बघत असतो, वैद्यासारखी. नंतर २०१५ मध्ये याच गटानं हेही दाखवलं की विळख्यात जीव जातो तो श्वास कोंडून नाही, रक्ताभिसरण थांबून, आणि तेही काही सेकंदांत.

हे वाचल्यापासून चकली माझ्या मनगटाला वेढा घालते तेव्हा मला जरा वेगळं वाटतं. पडू नये म्हणून ती फांदी धरते, एवढंच. पण त्या फांदीत ठोके आहेत हे तिला कळत असणार.

"मनात डाव होता"

मराठीत सापाच्या माथी आपण 'डूख' मारलेलाच आहे. नागाच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो उमटतो आणि नागीण तो बघून बदला घेते, इथपर्यंत. ज्या प्राण्याला सगळं इतकं क्षणातलं, ऊब आणि वास या रूपात कळतं, त्याच्याकडे आपण दोन महिन्यांची योजना सोपवतो. सवय त्याला होते, हे मी रोज बघते. नवीन माणसाच्या हातात चकली गुंडाळून बसते, लेकीच्या हातात सैल असते. तो विश्वास आहे की नुसती सवय, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत आणि जेवणाच्या टेबलावर तो विषय बंद आहे.

पण चूक ती करते. उंदीर हाताळलेल्या हातानं तिला उचललं तर तिच्या दृष्टीनं तो हात म्हणजे उंदीर: उबदार, हलणारा, उंदराच्या वासाचा. लेकीच्या अंगठ्यावर एका अशा चुकीचे ठिपके आहेत, दोन ओळींत, सुईनं टोचल्यासारखे. चकलीनं एका क्षणात सोडलं आणि स्वतःच घाबरून चेंडू झाली. डाव धरणारा शिकारी असा वागत नाही.

"पण अजगर माणसं खातातच की!"

हो. हे टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. इंडोनेशियात पश्चिम सुलावेसीत मार्च २०१७ मध्ये पामच्या बागेत गेलेला एक पंचविशीचा तरुण जाळीदार अजगराच्या पोटात सापडला. जून २०१८ मध्ये मुना बेटावर भाजीच्या मळ्यात गेलेल्या चोपन्न वर्षांच्या बाईंचं तेच झालं. दोन्ही अजगर सातेक मीटरचे. फिलिपाइन्सच्या जंगलात राहणाऱ्या आग्ता लोकांबरोबर थॉमस हेडलँड यांनी अनेक वर्षं काढली. हॅरी ग्रीन यांच्याबरोबर २०११ मध्ये त्यांनी जी माहिती मांडली त्यात आग्ता पुरुषांपैकी सव्वीस टक्क्यांवर कधी ना कधी जाळीदार अजगरानं हल्ला केल्याचं आणि १९३४ ते १९७३ या काळात सहा जण त्यात दगावल्याचं आहे. आग्ता लोक अंगानं लहानखुरे, आणि अजगर प्रचंड.

पाळीव अजगरांनीही जीव घेतलेत. २००९ मध्ये फ्लोरिडात घरातल्या बर्मीज अजगरानं दोन वर्षांच्या मुलीला मारलं. २०१३ मध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये आफ्रिकन रॉक अजगर आपल्या पेटीतून निसटून छतातून खाली पडला आणि झोपलेल्या दोन भावांचा जीव गेला. दिवसा ती मुलं शेतातल्या जनावरांत खेळून आली होती, तो वास अंगावर राहिला असावा असं तेव्हा तज्ज्ञ म्हणाले.

या घटना नीट बघा. कुठेही आठवडेभर माप नाही. मळ्यातल्या वाटेवर टपून बसलेला साप आहे, किंवा बंद न झालेलं झाकण, मोठा साप, झोपलेली ऊब आणि एखादा वास आहे. मावशीच्या फॉरवर्डचं नुकसान इथे होतं. तो वाचणाऱ्याला वाटतं, अजगर नीट खातोय, ताणून पडत नाही, म्हणजे सगळं ठीक. खरी काळजी उलटी घ्यावी लागते: दहा-बारा फुटांचा अजगर भुकेला असो की भरलेला, झोपायच्या खोलीत मोकळा नको, एकट्यानं हाताळायचा नाही, खाण्याची जागा आणि हाताळण्याची जागा वेगळी. बर्मीज अजगर बाळपणी चकलीएवढाच गोजिरा असतो, म्हणून लोक घेतात आणि पाच वर्षांनी त्यांना घाम फुटतो.

आणि गावाकडे कुणाला हे वाचून हौस येत असेल तर: आपल्याकडचा अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी ठेवणं गुन्हा आहे, 'सापडला म्हणून ठेवला' हेसुद्धा. शेतात दिसला तर वनखात्याला किंवा सर्पमित्राला फोन करायचा. परदेशी जातींसाठीही आता २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी लागते.

तात्पर्याबद्दल एकच. हिंदीत विश्वासघातक्याला 'आस्तीन का साँप' म्हणतात. मराठीत आपण अस्तनीतला निखारा म्हणतो. आपल्या भाषेनं निदान एका म्हणीत तरी बिचाऱ्या सापाला सोडून दिलं होतं, ते या फॉरवर्डनं पुन्हा ओढून आणलं. नातेवाइकांपासून सावध राहायचं असेल तर रहा, त्यात अजगराला कशाला?

हे सगळं मी मावशीला तीन तुकड्यांत पाठवलं. दोन दिवस निळ्या खुणा, उत्तर नाही. मग रात्री उशिरा, म्हणजे तिच्याकडे पहाटे, एक ओळ आली: "बरं. पण मग ती पोरीच्या मांडीवर येऊन का बसते?"

"ऊब लागते म्हणून, मावशी."

"मग आमची मनीही त्याचसाठी येते की."